ओझोन खाणारं मीठ

कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर अ‍ॅलर्ट नावाचं ठाणं आहे. तिथून उत्तर ध्रुव जेमतेम आठशे किलोमीटर. बारमाही माणसं राहतात असं याच्याही उत्तरेला जगात दुसरं ठिकाण नाही. माणसं म्हणजे तरी कोण, तर थोडे लष्करी कर्मचारी आणि हवा मोजायला आलेले शास्त्रज्ञ. ऑक्टोबरच्या मध्यात मावळलेला सूर्य इथे फेब्रुवारी संपता संपता उगवतो. तो उगवला की इथल्या हवेत दरवर्षी एक उलथापालथ होते, आणि तिचा नीट पत्ता लागायला १९८०चं दशक उजाडावं लागलं.

हिवाळाभर इथे जमिनीलगतच्या हवेत अब्ज भागांत ३० ते ४० भाग ओझोन असतो. मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी हा आकडा घसरायला लागतो आणि बघता बघता शून्याला टेकतो. काही दिवस तिथेच पडून राहतो, वारा फिरला की जागेवर येतो, आणि पुन्हा कोसळतो. थंड, स्वच्छ हवेत ओझोन आठवडेच्या आठवडे टिकतो. तो असा काही तासांत नाहीसा होण्याचं कारण नाही. आसपास कारखाना नाही, वाहनं नाहीत, धूर नाही. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बॅरो इथेही हेच दिसत होतं, म्हणजे बिघाड एखाद्या यंत्राचा नव्हता.

१९८८ साली लेनर्ड बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये याचा धागा पकडला. अ‍ॅलर्टला हवा ओढून घेणाऱ्या गाळणकागदांवर काय काय साचतं याची नोंद ठेवली जात होती. त्यातलं ब्रोमीन आणि हवेतला ओझोन यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर ज्या दिवशी ब्रोमीन वर, त्या दिवशी ओझोन खाली. दर वेळी.

पुढे जाण्याआधी एक घोटाळा टाळायला हवा. ओझोन आणि ध्रुव हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला ओझोनचं छिद्र आठवतं. ते छिद्र दक्षिण ध्रुवावर, जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर पडतं. वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन तिथे, स्थितांबरात असतो आणि सूर्याची अतिनील किरणं अडवतो. उरलेला दहा टक्के आपल्या आसपासच्या हवेत असतो. तो फुप्फुसांना इजा करतो, गहू-सोयाबीनसारख्या पिकांचं उत्पन्न घटवतो, शिवाय पृथ्वी तापवण्यातही त्याचा वाटा आहे. अ‍ॅलर्टला नाहीसा होत होता तो हा खालचा ओझोन. आणि त्याला खाणारं ब्रोमीन कुठल्या रसायनाच्या टाकीतून गळलेलं नव्हतं. ते आलं होतं समुद्राच्या मिठातून.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला १९ ग्रॅमच्या आसपास भाग क्लोराइडचा, म्हणजे आपल्या मिठातल्या क्लोरीनचा. ब्रोमाइड सुमारे ६५ मिलिग्रॅम. आयोडीन तर इतकं कमी की मिलिग्रॅमचा सोळावा-सतरावा हिस्साच भरेल. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही एकाच घराण्यातली भावंडं; या घराण्याला रसायनशास्त्रात हॅलोजन म्हणतात. या अणूंना बाहेरच्या कक्षेत एका इलेक्ट्रॉनची उणीव असते आणि तो मिळवण्यासाठी ते कुणावरही तुटून पडतात. मिठात तो इलेक्ट्रॉन त्यांना सोडियमकडून मिळालेला असतो, म्हणून ते शांत. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळाभर उघडी राहिली तर मीठ पाणी सोडेल, पण हवेतल्या ओझोनला धक्का लावणार नाही. या शांत क्षाराला पुन्हा चवताळलेल्या अणूचं रूप कोण देतं आणि कुठे देतं, हा या प्रकरणाचा खरा विषय. कारण मीठ जगभर आहेच. फरक पडतो तो त्याला उठवणाऱ्यामुळे.

आर्क्टिकमधली गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. समजा, हवेत हायपोब्रोमस आम्लाचा एक रेणू आहे. त्यात ब्रोमीनचा एक अणू असतो. हा रेणू खारट बर्फाच्या पृष्ठभागावर येऊन टेकतो. तिथे ब्रोमाइड आहे, आणि बर्फ पुरेसा आम्लधर्मी असेल तर दोघांची गाठ पडून ब्रोमीन वायूचा रेणू तयार होतो: एक अणू हवेतून आलेला, एक मिठातला. हा वायू बर्फावरून सुटून हवेत जातो. तिथे सूर्यप्रकाश त्याचे दोन तुकडे करतो. प्रत्येक अणू ओझोनच्या एकेका रेणूला गाठतो, त्याचा एक ऑक्सिजन ओढून घेतो आणि ब्रोमीन मोनॉक्साइड होऊन बसतो. पुढे हवेतल्या हायड्रोजन-ऑक्सिजनच्या एका अल्पजीवी कणाशी संयोग झाला की पुन्हा हायपोब्रोमस आम्ल. ते पुन्हा बर्फावर. म्हणजे बर्फावर एक अणू गेला आणि दोन परत आले. दोन गेले, चार आले. चाराचे आठ. शास्त्रज्ञ याला ब्रोमीनचा स्फोट म्हणतात. आवाज नाही, ज्वाळा नाही, पण गुणाकार मात्र स्फोटाचाच. ओझोन संपतो तेव्हाच हा प्रकार थांबतो.

हिवाळ्यात हे का होत नाही, याचं उत्तर यातच आहे. उजेड नसतो. उन्हाळ्यात का होत नाही? बर्फ वितळायला लागतो आणि जमिनीलगत थंड हवेचा जो पातळ थर झाकणासारखा बसलेला असतो, तो उरत नाही. थंडी आणि ऊन दोन्ही एकाच वेळी हवं, आणि ते जुळून येतं फक्त ध्रुवावरच्या वसंतात.

बरीच वर्षं अशी समजूत होती की हे सगळं गोठलेल्या समुद्राच्या खारट पृष्ठभागावरच घडतं. केरी प्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅरोजवळ प्रत्यक्ष प्रयोग केला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. समुद्राच्या खारट बर्फाचे आणि वर पडलेल्या भुसभुशीत हिमाचे नमुने एका पेटीत ठेवून त्यांवर ऊन पाडलं, त्यांवरून हवा सोडली आणि बाहेर काय पडतं ते मोजलं. खारट बर्फाने जवळजवळ काहीच दिलं नाही. ब्रोमीन दिलं ते वरच्या हिमाने, अगदी जमिनीवर पडलेल्या हिमानेसुद्धा. त्यात मीठ कमी होतं, पण आम्ल होतं. मीठ किती आहे यापेक्षा आम्ल आहे की नाही हे इथे निर्णायक ठरतं. आणि आर्क्टिकच्या हिमात हे आम्ल येतं कुठून? काही निसर्गातून, पण मोठा भाग युरोप आणि आशियातल्या कारखान्यांच्या, वीजकेंद्रांच्या गंधकयुक्त धुरातून. तो हिवाळाभर उत्तरेकडे वाहत जातो आणि तिथे धुरकं होऊन तरंगत राहतो. माणूस नसलेल्या जागीही माणसाचा हात असा पोचतो.

ब्रोमीन मोनॉक्साइड हवेत प्रत्यक्ष दिसल्याशिवाय हे सारं कागदावरचंच राहिलं असतं. ते दाखवलं जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या उलरिख प्लाट यांच्या पद्धतीने. प्रखर दिव्याचा झोत काही किलोमीटर दूर ठेवलेल्या आरशांवर टाकायचा, परतलेला प्रकाश दुर्बिणीत गोळा करायचा आणि त्याचा वर्णपट उलगडून त्यातल्या कुठल्या छटा वाटेत गळाल्या ते बघायचं. प्रत्येक वायू ठरावीक छटाच गिळतो, त्यामुळे गळालेल्या छटांवरून वायू ओळखता येतो. अ‍ॅलर्टला ही पद्धत वापरून ब्रोमीन मोनॉक्साइडची नोंद झाली, १९९४ साली ती प्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये सोडलेल्या युरोपच्या ईआरएस-२ उपग्रहावरच्या उपकरणाने हेच अवकाशातून पाहिलं: वसंतात दोन्ही ध्रुवांभोवती ब्रोमीन मोनॉक्साइडचे हजारो किलोमीटर पसरलेले ढग. मग शोधायला लागल्यावर ते भलत्याच ठिकाणी सापडत गेलं. इस्रायल-जॉर्डनमधल्या मृत समुद्रावर, जिथे ना हिम ना थंडी, पण ब्रोमाइड भरमसाट. कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावरच्या ज्वालामुखीच्या धुरात.

ब्रोमीनचा आणखी एक उद्योग आहे, आणि माझ्या मते तो ओझोनपेक्षा गंभीर आहे. कोळसा जळतो तेव्हा त्यातला पारा वाफ होऊन हवेत जातो. या रूपात तो सहसा कुणाशी संयोग करत नाही, काही महिने ते वर्षभर जगभर हिंडतो. पण अ‍ॅलर्टला १९९५ मध्ये केलेल्या मोजणीत असं दिसलं की ओझोन ज्या दिवशी पडतो त्याच दिवशी हवेतला पाराही नाहीसा होतो. ब्रोमीनचा अणू त्याला पकडतो, त्याचं विरघळणारं संयुग करतो आणि ते हिमावर उतरतं. त्यातला काही भाग पुन्हा वाफ होऊन उडतो, पण काही वितळपाण्याबरोबर समुद्रात जातो. तिथे जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, तो माशांतून सील आणि व्हेलमध्ये साठत जातो, आणि सील-व्हेल हेच ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे त्या इन्युइट लोकांच्या शरीरात पोचतो. ज्यांनी कोळशाचं एकही वीजकेंद्र उभारलं नाही, त्यांच्या पोटात हजारो किलोमीटरवरच्या वीजकेंद्रांचा पारा. या साखळीतला एक दुवा समुद्राचं मीठ आहे.

आता वरच्या ओझोनबद्दल थोडंसं, कारण ती कथा बहुतेकांना ठाऊक असते. शीतकपाटं आणि फवारण्याच्या डब्यांत पूर्वी वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन खाली कशाशीच संयोग करत नाहीत, म्हणून सरळ स्थितांबरापर्यंत चढतात. तिथे अतिनील किरणं त्यांतला क्लोरीन सुटा करतात. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी १९७४ मध्ये हा धोका सांगितला, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जाहीर केलं, आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. या कहाणीमुळे एक समज पक्की बसली: हॅलोजन म्हणजे माणसाने केलेलं पाप. ती अर्धीच खरी आहे. स्थितांबरात क्लोरीन बहुतांशी आपणच पोचवलं. पण खालच्या हवेतले हॅलोजन बहुतेक समुद्राचे आहेत, माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे.

भावंडांच्या स्वभावात फरकही आहे. जमिनीलगत सुटा झालेला क्लोरीनचा अणू मिथेनसारख्या वायूंवर झडप घालतो, त्यांचा हायड्रोजन घेतो आणि शांत होतो. त्यामुळे ओझोन संपवण्यात त्याचा वाटा लहान राहतो. ब्रोमीनला मिथेनमध्ये रस नाही, त्यामुळे तो ओझोनकडेच वळतो. आयोडीन तर त्याहून हट्टी.

आयोडीन सापडलं तेच समुद्री वनस्पतींच्या राखेत. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा हा सोऱ्याचा कारखानदार समुद्रवनस्पतींची राख वापरून दारूगोळ्यासाठी सोरा बनवत असे; नेपोलियनच्या युद्धांमुळे त्याला मागणी होती. राखेतल्या क्षारांवर त्याने गंधकाम्ल जरा जास्त ओतलं, तेव्हा जांभळ्या वाफेचे लोट उठले आणि थंड जागी बसून त्यांचे काळसर चकाकणारे स्फटिक झाले. कुर्त्वाने भांड्यात जे आम्लाने केलं, ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्याच जातीच्या वनस्पती रोज स्वतःच करतात, हे कळायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षं गेली.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेस हेड इथे हवा-निरीक्षणाचं केंद्र आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथे आयोडीन मोनॉक्साइडची नोंद झाली. ते दिवसा वाढायचं, ओहोटीला वाढायचं. ओहोटीला तिथल्या खडकांवर लॅमिनॅरिया नावाच्या तपकिरी वनस्पतींचे लांबलचक पट्टे उघडे पडतात. ही वनस्पती समुद्राच्या पाण्यातलं आयोडीन ३० हजार पटींपर्यंत साठवून ठेवते. कशासाठी, हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. ओहोटीत उन्हावाऱ्यात पडल्यावर तिच्या पेशींना हवेतल्या ओझोनचा आणि इतर दाहक ऑक्सिजन संयुगांचा मारा बसतो. साठवलेलं आयोडाइड तो मारा अंगावर घेतं आणि आयोडीन वायू होऊन उडून जातं. ओझोनपासून बचाव करण्याची ही तिची पद्धत. उडालेलं आयोडीन उन्हात सुटं होतं आणि आणखी ओझोन खातं. शिवाय आयोडीनची ऑक्साइडं एकमेकांना चिकटून अतिसूक्ष्म कण तयार होतात. मेस हेडला ओहोटीच्या वेळी अशा कणांचे अक्षरशः लोंढे मोजले गेले. हे कण मोठे झाले तर ढगांच्या थेंबांचं बीज बनू शकतात.

किनाऱ्याचं कोडं सुटलं. पण भर समुद्राचं काय? तिथे लॅमिनॅरिया नाही. पश्चिम आफ्रिकेपासून दूर, केप व्हर्डेच्या एका बेटावर ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वर्षभर मोजमाप केलं. २००८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या निष्कर्षात तिथला ओझोन संगणकावरच्या प्रतिमानांनी सांगितल्यापेक्षा सरासरी ५० टक्के जास्त वेगाने नष्ट होत होता. कारण, प्रतिमानांत ब्रोमीन आणि आयोडीन धरलेलेच नव्हते. मोजणाऱ्यांच्या यादीत अनुप महाजन हे नाव आहे; ते आज पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत याच विषयावर काम करतात.

भर समुद्रातलं आयोडीन उठवतो कोण, याचं उत्तर मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. स्वतः ओझोन. पाण्यावर उतरलेला ओझोन वरच्या पातळ थरातल्या आयोडाइडला गाठतो आणि त्यातून हायपोआयोडस आम्ल आणि आयोडीन वायू हवेत जातात. प्रयोगशाळेत याचा सुगावा १९८१ मध्येच लागला होता. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या ल्युसी कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचं मोजमाप नीट बसवलं आणि भर समुद्रातल्या आयोडीनचा बहुतेक हिशेब इथेच लागतो असं दिसलं. म्हणजे हवेत ओझोन जितका जास्त, तितकं समुद्रातून आयोडीन जास्त निघणार, आणि ते तितकाच जास्त ओझोन खाणार.

आता यात आपण कुठे येतो ते बघा. वाहनांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरातून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे विसाव्या शतकात खालचा ओझोन वाढला. ग्रीनलँडच्या बर्फातून काढलेल्या खोल नमुन्यात वर्षावर्षाचे थर असतात. त्यांतलं आयोडीन १९५० ते २०१० या साठ वर्षांत साधारण तिप्पट झालं आहे. आल्प्समधल्या बर्फातही वाढ दिसते. ग्रीनलँडच्या बाबतीत पातळ होत चाललेल्या समुद्री बर्फाखालच्या शेवाळाचाही हात असावा, पण मुख्य रेटा ओझोनचाच. समुद्राला आपण जास्त ओझोन पाजला आणि समुद्राने जास्त आयोडीन परत केलं.

हिंदी महासागराला यात खास महत्त्व आहे. हिवाळ्यात वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात आणि उपखंडाचा धूर अरबी समुद्रावर आणि बंगालच्या उपसागरावर नेऊन पसरवतात. १९९९च्या इंडोएक्स मोहिमेने हे धुरकं साऱ्या जगाला दाखवलं. जगातल्या इतर कुठल्याही उष्ण महासागराच्या डोक्यावर दरवर्षी माणसाने केलेला इतका धूर येत असेल असं वाटत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यातून मॉरिशसकडे निघालेल्या 'सागर निधी' जहाजावर पुण्याच्या संस्थेची उपकरणं होती. त्यांत स्वतःचा दिवा नसतो. क्षितिजालगतचं आकाश निरनिराळ्या कोनांतून न्याहाळायचं आणि तिथून येणाऱ्या सूर्यप्रकाशात गळालेल्या छटा शोधायच्या. पुढे दक्षिण महासागरातल्या मोहिमांत आणि अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री व भारती या तळांवरही हेच मोजमाप झालं. हिंदी महासागरावर आयोडीन मोनॉक्साइड सापडलं ते लाख कोटी भागांत एका भागाहूनही कमी.

लाख कोटीत एक म्हणजे नगण्य, असं कुणालाही वाटेल. पण एका घन सेंटिमीटर हवेत लाख कोटीत एक भाग म्हणजे सुमारे अडीच कोटी रेणू. शिवाय यातला प्रत्येक रेणू ओझोन फोडून मोकळा होतो आणि पुन्हा कामाला लागतो. खर्च होतो तो ओझोन. मात्र धुरात नायट्रोजनची ऑक्साइडं फार असतील तर ती आयोडीन आणि ब्रोमीनला काही काळ बांधून ठेवतात. त्यामुळे जास्त प्रदूषण म्हणजे लगेच जास्त हॅलोजन, असं सरळ गणित किनाऱ्याजवळ मांडता येत नाही.

सगळ्या जगाचा हिशेब केला तर हॅलोजनांमुळे खालच्या वातावरणातला ओझोन सुमारे १० ते २० टक्क्यांनी कमी राहतो. ओझोन तापवणारा वायू असल्यामुळे हा समुद्राने दिलेला गारवाच म्हणायचा. २०२३ मध्ये आल्फोन्सो सैझ-लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अल्पजीवी हॅलोजनांचा एकूण परिणाम दर चौरस मीटरला ०.१३ वॅट थंडावा असा काढला. त्यात वजाबाकीही धरलेली आहे: ओझोन कमी झाला की मिथेनला संपवणारा हायड्रॉक्सिल कण कमी तयार होतो, त्यामुळे मिथेन जास्त काळ टिकतो. तुलनेला सांगायचं तर माणसाने वाढवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा ताप दोन वॅटच्या थोडा वर आहे. समुद्र आपली बाजू सावरून घेतो आहे असं कुणी यावरून म्हणू लागलं, तर त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

आणि शहरात येऊन पोचलं की हेच घराणं बाजू बदलतं. रात्री शहराच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ओझोन यांच्यापासून एक संयुग बनतं. ते खारट सूक्ष्मकणांवर बसलं की कणातलं क्लोराइड उचलून नायट्रिल क्लोराइड नावाचा वायू होतो. रात्रभर तो साचतो. सकाळी पहिल्या उन्हात त्यातून क्लोरीनचा अणू सुटतो आणि पेट्रोलच्या वाफेसारख्या कार्बनी वायूंवर तुटून पडतो. त्यातून जी साखळी सुरू होते ती दुपारपर्यंत ओझोन वाढवते. अ‍ॅलर्टला ओझोन खाणाऱ्या घराण्यातलं हे भावंड धुराच्या संगतीत ओझोन पिकवतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत टेक्सासच्या किनाऱ्याजवळ हा वायू अब्ज भागांत एकापेक्षा जास्त सापडला. ती समुद्राची हवा म्हणून सोडून देता आलं असतं, पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो कोलोरॅडोतल्या बोल्डरजवळही सापडला, समुद्रापासून १,४०० किलोमीटर आत. तिथे क्लोराइड पुरवायला समुद्र पोचत नाही. ते काम वीजकेंद्रं, कारखाने आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ करतं.

दिल्लीलाही समुद्र नाही. तरी हिवाळ्यात तिथल्या सूक्ष्मकणांत जगातल्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त क्लोराइड आढळतं. मद्रासच्या आयआयटीतले सचिन गुंठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्याचा माग काढला. प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळल्यामुळे आणि काही उद्योगांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ हवेत येते. शेती आणि सांडपाण्यातून निघालेला अमोनिया तिला भेटतो आणि थंडगार, दमट पहाटे दोघांचा नवसागर होऊन कणांवर बसतो. नवसागर पाणी ओढतो, कण फुगतात, उजेड अडतो. दिल्लीच्या धुक्यात डोळ्यांसमोरचं दिसेनासं होतं, त्यातल्या साधारण निम्म्या भागाला हे क्लोराइडने ओढलेलं पाणी कारण आहे असा त्यांचा हिशेब आहे. आर्क्टिकमध्ये मीठ समुद्राचं आणि आम्ल बरंचसं आपलं. भर महासागरात आयोडाइड समुद्राचं आणि ओझोन निदान अर्धामुर्धा आपला. दिल्लीत दोन्ही आपलंच.

यातला एक भाग मात्र आपल्या हाताच्या अंतरावर आहे. शुद्ध पीव्हीसी प्लॅस्टिकच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. वायरींचं आवरण, पाइपांचे तुकडे, रेक्झिन, जुने फलक यांत ते असतं, आणि हे सारं गल्लीतल्या कचऱ्याच्या ढिगात सर्रास सापडतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. तेव्हा पुढच्या वेळी थंडीत शेकायला म्हणून कुणी कोपऱ्यावरचा ढीग पेटवला, तर त्यातून निदान वायरी आणि पाइप बाजूला काढायला सांगा. ऐकलं नाही, तर महापालिकेकडे तक्रार नोंदवा.